स्लॅब टाकण्याआधी

सोलापुरात वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला छप्पर म्हणजे काय ते मे महिन्यात रात्री अकराच्या सुमाराला कळतं. दिवसभर तापलेली स्लॅब तेव्हा साठवलेली उष्णता खाली सोडू लागते, आणि पंखा तीच झळ अंथरुणावर ढकलत राहतो. शहराच्या दक्षिणेला एनटीपीसीचं १३२० मेगावॅटचं कोळशावरचं वीज केंद्र आहे, डोक्यावर वर्षातले बहुतेक महिने स्वच्छ ऊन आहे, आणि तरीही घर बांधताना छपराचा विचार वॉटरप्रूफिंगच्या पलीकडे क्वचितच जातो.

मामा गेली अनेक वर्षं इथे घरं बांधतात. सध्या विजापूर रोडच्या पुढे त्यांच्या बारा रो-हाऊसचं काम चालू आहे, पहिल्या चार घरांचं सेंट्रिंग लागलंय. भाची पुण्यात आर्किटेक्ट, इमारतींमधल्या ऊर्जेच्या हिशेबाचं काम करते. सुट्टीला आली आणि साइटवर गेली, तिथून हा वाद सुरू झाला. मी ऐकणारा. माझं मत भाचीकडे झुकतं हे आधीच सांगून टाकतो, पण मामांचा हिशेब खोटा नाही, आणि घरं शेवटी तेच बांधतात.

मामा: हा कॅटलॉग बघ. सोलर कौलं. पॅनेल वेगळं दिसतच नाही, कौलातच वीज. एलिव्हेशनला पुढे जो उतार काढलाय ना, तिथे बसवायची. ब्रोशरवर पहिल्या पानावर फोटो. टेस्लानं अमेरिकेत हेच केलंय.

भाची: टेस्लानं ते २०१६ मध्ये दाखवलं, मामा. तिथली बहुतेक घरं उतरत्या छपरांची. ठरावीक वर्षांनी जुनं छप्पर उचकटून नवं घालावंच लागतं, म्हणून ‘नवं छप्पर घालायचंच आहे तर विजेचं घाला’ असा तो धंदा आहे. आपल्याकडे सपाट गच्ची. तुमचा हा उतार शोभेचा, त्याच्या खाली स्लॅब आहेच. म्हणजे दोन छपरांचे पैसे. बरं, उताराचं तोंड कुठे?

मामा: रस्त्याकडे. उत्तरेला.

भाची: आपण साडेसतरा अंश उत्तर अक्षांशावर. वर्षातला मोठा काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पॅनेल दक्षिणेला तोंड करून पंधरा-अठरा अंशांवर ठेवायचं, हे कुठलाही सोलरवाला सांगेल. उत्तरेच्या उतारावरचं कौल हिवाळ्यात ऊन तिरकंच घेणार. आणि कौल छपराला चिकटून बसतं, पाठीमागून वारा नाही. पॅनेलवर जे वॅट छापलेले असतात ते पंचवीस अंश तापमानाचे. त्याच्या वर प्रत्येक अंशाला पाव ते अर्धा टक्क्याच्या मधे कुठेतरी घट होते. आपल्या मे महिन्यात मोकळ्या हवेतलं पॅनेलसुद्धा साठ-पासष्टपर्यंत तापतं. चिकटलेलं तर त्याहून जास्त.

मामा: म्हणजे भर उन्हाळ्यात वीज कमी?

भाची: ऊन भरपूर, म्हणून एकूण कमी नाही. पण जेवढी यायला हवी तेवढी येत नाही.

मामा: बरं, कौल राहू दे. गच्चीवर साधे पॅनेल लावू. तीन किलोवॅटला सरकार अठ्ठ्याहत्तर हजार देतं. मी घराच्या किमतीतच सोलर धरतो, सबसिडी मी घेतो, गिऱ्हाइकाला ‘लाइट बिल शून्य’ सांगतो. बारा घरं एका हंगामात जातील.

भाची: सबसिडी तुम्हाला मिळणार नाही.

मामा: का?

भाची: ‘पीएम सूर्यघर’ योजनेचा अर्ज वीज ग्राहकाच्या नावानं, त्याच्या ग्राहक क्रमांकावर होतो आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात येतात. पहिल्या दोन किलोवॅटला तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा, झाले अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्याच्या पुढे कितीही लावा, तेवढेच. घर त्याच्या नावावर झालं, मीटर आला, मग तो अर्ज करणार. शिवाय सबसिडी हवी तर पॅनेलमधले सेलसुद्धा भारतात बनलेले लागतात. तुम्हाला जो स्वस्त भाव आलाय तो त्या पॅनेलचा आहे का, विचारलंत?

मामा: नाही.

भाची: विचारा. आणि ‘बिल शून्य’ छापू नका. स्थिर आकार राहतोच. शिवाय लाइट गेली की हे पॅनेलही बंद पडतात.

मामा: उन्हातसुद्धा?

भाची: भर उन्हात. खांबावर वायरमन काम करत असतो, त्याच्या तारेत घरातून वीज जाऊ नये म्हणून इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. बॅटरी असलेला हायब्रिड घेतला तर घर चालतं, पण तो खर्च वेगळा. हे आधी सांगितलं नाही तर पहिल्याच वळवाच्या पावसात बारा फोन तुम्हाला येतील.

(इथे मामा थोडे गप्प झाले. मला वाटतं, सोलर विकणाऱ्यांच्या बोलण्यातली सगळ्यात मोठी फट हीच आहे. वीज तयार होते हे सगळे सांगतात, कधी वापरता येते हे फार थोडे.)

मामा: मग तुझं म्हणणं काय, सोलर नको?

भाची: हवाच. पण तो तुमच्या हातातला विषय नाही. तुमच्या हातात स्लॅब आहे. पॅनेल गिऱ्हाईक पुढच्या वर्षी लावेल, पाच वर्षांनी लावेल. स्लॅब तो परत टाकणार नाही. तुम्ही आत्ता काय करताय? पाच इंच स्लॅब, वर केमिकलचा कोट, संपलं. कोबासुद्धा नाही.

मामा: कोबा कोण घालतंय आता? विटांचे तुकडे, माल, वजन, गवंडी चार दिवस अडकतो. केमिकलवाला एका दिवसात कोट मारून जातो आणि लेखी गॅरंटी देतो.

भाची: पाण्याची देतो. उन्हाची देतो का? जुन्या लोकांनी चार-पाच इंच विटेचा कोबा आणि वर पांढरा चायना मोझॅक उगाच केला नव्हता. नुसत्या आरसीसी स्लॅबमधून दर चौरस मीटरला, आत-बाहेरच्या दर अंश फरकाला, ढोबळ तीन वॅट उष्णता आत येते. केंद्राची घरांसाठीची जी संहिता आहे, इको निवास संहिता, २०१८ची, तिनं छपरासाठी हा आकडा जास्तीत जास्त एक पूर्णांक दोन धरलाय. आता दीडशे चौरस फुटांची बेडरूम घ्या, म्हणजे चौदा चौरस मीटर. वरून आणि आतून पंचवीस अंशांचा फरक धरा, उन्हानं तापलेल्या सिमेंटच्या पृष्ठभागाला तो सहज पडतो. तीन गुणिले चौदा गुणिले पंचवीस. हजारच्या वर वॅट. छताला एक किलोवॅटचा हीटर उलटा टांगून खाली माणसं झोपवल्यासारखं आहे हे. संहितेच्या आकड्याला आणलं तर तोच चारशेच्या आसपास येतो.

मामा: एवढं सगळं गिऱ्हाइकाला सांगत बसू?

भाची: मग एवढंच सांगा, एसी दीड टनाऐवजी एक टनाचा पुरेल.

मामा: तो म्हणेल, एसी मी घेणार आहे, तू किचनला ग्रॅनाइट दे. अगं, माणूस घर बघायला येतो तेव्हा बायको किचन बघते, आई देवघराची दिशा बघते आणि तो पार्किंग बघतो. स्लॅबच्या पोटात काय घातलंय ते कोण बघतंय? शेजारच्या स्कीमचा रेट स्क्वेअर फुटाला पन्नास रुपयांनी कमी असला की माझा बोर्ड कुणी वाचत नाही. तू पुण्यात कन्सल्टंट. माझ्या डोक्यावर बँकेचा हप्ता.

भाची: हे खरं आहे. वीज बिल भरणारा माणूस स्लॅबच्या दिवशी तिथे नसतो, आणि स्लॅब टाकणारा बिल भरत नाही.

मामा: तेच म्हणतोय मी.

भाची: मी तेच उलट्या बाजूनं म्हणतेय.

(मला विचाराल तर सगळा वाद या दोन वाक्यांत आहे. बाकीचं तांत्रिक आहे आणि तांत्रिक गोष्टींना उत्तरं असतात.)

मामा: आणि एक सांग. पॅनेल लावले की गच्चीवर सावली पडणारच. स्लॅब आपोआप थंड. मग कोब्याचा आणि मोझॅकचा खर्च कशाला? एका दगडात दोन पक्षी.

भाची: चांगला मुद्दा आहे, आणि खरा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगोतल्या लोकांनी मोजलं होतं, पॅनेलखालचं छत उघड्या छपराखालच्या छतापेक्षा जवळजवळ तीन अंश थंड. पण तुमची गच्ची सहाशे चौरस फूट. तीन किलोवॅटला तीनशे लागतात. उरलेली अर्धी गच्ची तशीच तापणार, आणि पॅनेल बसेपर्यंतची वर्षं सगळीच तापणार.

मामा: उरलेल्या अर्ध्यावर चुना मारा. आमच्या लहानपणी एप्रिल लागला की गच्चीवर चुना मारायचे.

भाची: मारा की! अगदी तेच. तेलंगणानं २०२३ मध्ये कूल रूफचं धोरण काढलं, अहमदाबादनं उष्णतेच्या आराखड्यात गोरगरिबांच्या पत्र्यांना पांढरा रंग दिला. त्यात आणि तुमच्या चुन्यात तत्त्वाचा फरक नाही. पांढरा पृष्ठभाग ऊन परत पाठवतो. फक्त आपल्याकडे धूळ. दोन महिन्यांत पांढऱ्याचा राखाडी होतो, म्हणून मी चायना मोझॅक म्हणते. फरशीचे तुटके पांढरे तुकडे, झाडून घेतले की परत पांढरे. तुमच्याच साइटवर ब्रासनी पडलेत.

मामा: (हसून) तेवढे पडलेत खरे.

भाची: तुमचं गावाकडचं माळवदाचं घर आठवा. हात-दीड हात मातीचं छप्पर. दुपारी किती थंड असायचं!

मामा: माळवदाचं कौतुक मला सांगू नकोस. मी वाढलोय त्यात. दरवर्षी पावसाआधी पांढरी माती आणून वर पसरायची, ती तुडवायची. तरी आषाढात घरभर पातेली मांडून ठेवायचो. विंचू निघायचे. एका पावसात भिंतीसकट माळवद बसलं तेव्हा आजोबांनी शपथ घेतली की आता स्लॅबच. पुण्याच्या पोरी येतात आणि मातीचं घर किती छान म्हणतात. आत राहा एक पावसाळा.

(भाचीनं इथे विषय वाढवला नाही आणि ते शहाणपणाचं झालं. माळवद थंड होतं ते जाडीमुळे. मातीत उन्हाची झळ खाली उतरायला इतका वेळ लागे की तोवर रात्र होई. पण ती जाडी सांभाळायला दरवर्षी घरातली माणसं राबत. आजचं कुटुंब ते करणार नाही, आणि करावं असं त्याला सांगण्याचा अधिकार बाहेरच्याला नाही.)

भाची: बरं, माती सोडा. तुम्ही बिल्डर म्हणून बघा. रेरा कायद्यात बांधकामातल्या दोषाची जबाबदारी तुमच्यावर किती वर्षं?

मामा: पझेशनपासून पाच.

भाची: गिऱ्हाईक दुसऱ्या वर्षी सोलर लावतो. सोलरवाल्याची पोरं येतात, ड्रिल घेतात, स्ट्रक्चरच्या प्रत्येक पायाला चार भोकं. तुमचा केमिकलचा कोट तिथे फुटला. पावसाळ्यात छत गळलं. फोन कुणाला?

मामा: मला.

भाची: केमिकलवाला म्हणणार, भोकं आम्ही पाडली नाहीत, गॅरंटी रद्द. सोलरवाला म्हणणार, आमच्या आधीपासून गळत होतं.

मामा: हे झालंय. जुन्या स्कीममध्ये दोन घरांत झालं. परत वॉटरप्रूफिंग मी माझ्या खिशातून करून दिलं.

भाची: मग स्लॅब टाकतानाच सळया वर काढून पेडेस्टल ओता. नऊ इंच चौरस, फूटभर उंच, वरती बोल्ट बसवलेले. वॉटरप्रूफिंग त्यांच्या अंगावर चढवून वाटा काढा, पॅरापेटच्या कडेला काढता तसाच. तीन किलोवॅट म्हणजे आजच्या साडेपाचशे वॅटच्या पॅनेलचे सहा नग, एकेक सात फुटांच्या वर लांब. त्याला किती पाय लागतात ते तुमच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. वजनाचं फार नाही, एक पॅनेल अठ्ठावीस-तीस किलोचं. प्रश्न वाऱ्याचा आहे. पॅनेल तिरकं, खालून वारा शिरला की उचलतो. ३ जून २०२०ला निसर्ग वादळात रायगडमध्ये काय उडालं ते आपण टीव्हीवर बघितलं. सोलापुरात चक्रीवादळ येत नसेल, पण वळवाची वावटळ येते.

मामा: पेडेस्टल होतील. काँक्रीट कितीसं लागणार? पण मग गच्चीवर बायका पापड-कुरडया कुठे घालणार? उन्हाळ्यात लोक झोपतात गच्चीवर. सगळी जागा पॅनेलनं खाल्ली तर?

भाची: दोन उपाय. एक, पॅनेल सात-आठ फूट उंच स्ट्रक्चरवर, खाली मोकळी सावली. लोखंड जास्त, वारा जास्त, खर्च जास्त. दोन, पॅनेल दक्षिण अर्ध्यात, बसके. कुरडयांसाठी उत्तर अर्धा. मला दुसरा बरा वाटतो, फक्त पाण्याची टाकी आणि जिन्यावरची खोली तुम्ही दक्षिणेला काढलीय.

मामा: वास्तूच्या माणसानं नैऋत्येला टाकी सांगितली.

भाची: नैऋत्येला तीन हजार लिटरची टाकी, शेजारी पाण्याच्या सोलरची टाकी. हिवाळ्यात दुपारनंतर दोन्हींची सावली थेट पॅनेलवर. पॅनेल एका माळेत जोडलेले असतात. एकावर सावली पडली की मार पूर्ण माळेला बसतो.

मामा: वास्तू मी बदलू शकत नाही. गिऱ्हाईक पहिला प्रश्न तोच विचारतं.

भाची: मग टाकी ठेवा, पण पॅनेल पूर्वेकडे सरकवून त्या हिशेबानं पेडेस्टल मांडू. पाण्याचा सोलर तरी उत्तर बाजूला घ्या, तोंड दक्षिणेलाच राहील. आणि तो मात्र काढू नका. गरम पाण्याचा गीझर हा घरातला सगळ्यात अधाशी पाहुणा. तो वाचवणं कुठल्याही पॅनेलपेक्षा स्वस्त पडतं.

मामा: तो तर मी देतोच. आमच्याकडे ‘सोलर’ म्हटलं की लोक तेच समजतात.

(मग बराच वेळ ते पॅनेल धुण्यावर बोलले. सोलापुरात नळ रोज येत नाही. बोअरचं पाणी जड, काचेवर वाळलं की पांढरा थर धरतं आणि तो पुसता पुसत नाही. भाचीचं म्हणणं, सकाळी पॅनेल गार असताना थोड्याशा नळाच्या पाण्यानं आणि मऊ कापडानं. मामांचं म्हणणं, हे पंधरा दिवस चालेल, सोळाव्या दिवशी कुणी वर चढणार नाही. मला मामांचं पटलं. म्हणून गच्चीवर एक नळ द्यावा, हे दोघांनी ठरवलं.)

मामा: आता विजेचा हिशेब नीट सांग. तीन किलोवॅट. दिवसाला किती?

भाची: एका किलोवॅटला सरासरी चार युनिट धरा. दिवसाला बारा, महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. दुपारी घरात माणसं नसतात, वीज महावितरणच्या लाइनीत जाते आणि ग्राहकाच्या खात्यात जमा. रात्री एसी लावला की तीच वजा. वर्षाअखेर उरलेल्या युनिटांना अगदी कमी दर मिळतो, म्हणून गरजेपेक्षा मोठा संच लावण्यात अर्थ नाही. आणि आपल्याकडे दर टप्प्यांचा. शंभर युनिटांच्या आतला आणि तीनशेच्या पुढचा, दुपटीहून जास्त फरक. त्यामुळे ज्याचं बिल मोठं त्याचे पैसे लवकर वसूल.

मामा: मग तर झालंच. सोलर लावला की स्लॅब तापली काय आणि न तापली काय. एसी चालवा, वीज फुकट.

भाची: मामा, जमा-वजाचा तो हिशेब हा नुसता नियम आहे, उद्या बदलू शकतो. २०२५ साली वेळेनुसार दर लावण्याच्या प्रस्तावावरून महाराष्ट्रात सोलरवाल्यांनी किती हरकती घेतल्या, तुम्हाला माहीत आहे. दुपारची वीज स्वस्त आणि रात्रीची महाग, असं एकदा ठरलं की दुपारी दिलेलं युनिट आणि रात्री घेतलेलं युनिट सारखं राहत नाही. पंचवीस वर्षांची वॉरंटी पॅनेलची असते, दराच्या आदेशाची नसते. छपरातून आत आलीच नाही ती उष्णता, तिला कुठलाच दर लागत नाही.

मामा: तू वकील व्हायला हवी होतीस.

भाची: आता माझी यादी. पेडेस्टल. गच्चीपासून खाली मीटरपर्यंत दोन इंची पाइप, स्लॅबमधून आणि भिंतीतून, आत ओढायची तार घालून. नाहीतर नंतर एलिव्हेशनवरून पट्ट्या ठोकत वायर खाली येते, तुमच्याच ब्रोशरचा फोटो खराब. मीटरशेजारी इन्व्हर्टरला सावलीतली भिंत. अर्थिंगचे तीन खड्डे आत्ताच, अंगणात फरशी बसायच्या आधी. टेरेसला पांढरा मोझॅक. पश्चिमेच्या खिडक्यांना दोन फुटांचा छज्जा, तुम्ही तो नऊ इंचांचा केलाय.

मामा: छज्जा सेंट्रिंगमध्ये आला, पहिल्या चार घरांचा बदलणार नाही. पुढच्या आठांना बघू. पाइप, खड्डे, पेडेस्टल, मोझॅक, मान्य. यात माझाच फायदा आहे, तुझ्यासाठी नाही करत.

भाची: आणि मोझॅकच्या खाली दोन इंची एक्सपीएस बोर्ड.

मामा: तो थर्माकोल? नाही.

भाची: थर्माकोल नाही, त्याहून घट्ट, पाणी पीत नाही. वॉटरप्रूफिंगच्या वर बोर्ड, त्यावर कोबा, त्यावर मोझॅक. हे केलं तर संहितेच्या आकड्याच्या बऱ्याच खाली जातो. नुसत्या मोझॅकवर जाणार नाही.

मामा: बारा घरं गुणिले सहाशे फूट. सात हजार दोनशे फुटांचा बोर्ड मी घालायचा, आणि तो कुणाला दिसणार नाही.

भाची: एका घरात घाला. सॅम्पल फ्लॅट दाखवता ना, त्या घरात. शेजारच्यात घालू नका. एप्रिलमध्ये गिऱ्हाइकाला दुपारी चार वाजता दोन्ही घरांच्या वरच्या खोलीत उभं करा आणि छताला हात लावायला शिडी द्या.

मामा: शिडी कशाला, खोलीत शिरलं की कळेल.

भाची: मग विकायला सोपं जाईल ना?

मामा: सोपं जाईल. पण मग उरलेली अकरा घरं कोण घेईल? ‘आम्हाला तेच द्या’ म्हणतील.

भाची: द्या, जादा पैसे घेऊन.

मामा: जादा पैसे घेऊन पांढरा मोझॅकही देता आला असता, तो तू फुकट काढून घेतलास. त्या बोर्डवाल्याचा नंबर पाठव. भाव विचारतो. घालीन असं म्हटलेलं नाही.